दोन गोळ्यांची वही

अकोला, दि. ५ नोव्हेंबर १९६१

ती. सौ. केशरबाई यांचे चरणी धाकटा बंधू खुशालराव याचा कृ. सा. न. वि. वि.

काल चि. भगवंतास घेऊन आपल्याकडे उतरलो, परंतु अमरावतीच्या दवाखान्यात काय ठरले ते समोरासमोर सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. तीस वर्षे हेडमास्तरकी केलेल्या माणसाला स्वतःच्या मुलाविषयी बोलताना शब्द सापडू नयेत, याची लाज वाटते. म्हणून लिहितो.

दोन वर्षांपासून भगवंताला भिंतीतून माणसे बोलताना ऐकू येतात. ती त्याची निंदा करतात. ती गप्प व्हावीत म्हणून तो पिऊ लागला. दारूबंदीमुळे चांगली मिळत नाही, म्हणून हातभट्टीची. पिण्याने आवाज तासभर थांबतात आणि नंतर दुप्पट येतात. श्रावणात आशा आपल्याला सोडून गेली, तेव्हापासून ते म्हणतात की आईला त्यानेच मारले. बडनेऱ्याच्या मालधक्क्यावरील त्याची नोकरी रजेवर तगून आहे.

यापूर्वीच्या एका डॉक्टरांनी सांगितले, आधी दारू सोडवा, मग डोक्याचे पाहू. दुसऱ्यांनी वेड्यांच्या इस्पितळासाठी चिठ्ठी लिहून दिली. ती माझ्या मेजाच्या खणात आहे. आमच्या शाळेतील पुंजाराम गुरुजींच्या भावाला तशीच चिठ्ठी मिळाली होती. त्याला जाऊन नऊ वर्षे झाली. तो अद्याप परतलेला नाही.

डॉ. वानखडे यांचे म्हणणे निराळे आहे. दोन्ही आजार एकाच माणसात आहेत, तेव्हा औषधही दोहोंवर एकदमच चालले पाहिजे, आणि ते घरी राहूनच. केवळ दर शनिवारी दाखवायला यावे. पिवळी गोळी आवाजांसाठी, पांढरी दारूसाठी. पांढरी पोटात असताना दारू गेली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, श्वास कोंडतो. प्रसंगी जीवही जातो. गोळ्या मी माझ्यासमोर गिळवाव्यात आणि दिवसभरात त्याच्या पोटात काय जाते ते वहीत लिहावे, अशी आज्ञा आहे. आजपासून वही सुरू केली आहे.

बाई, मला भय वाटते. हा उपाय फसला तर खणातील चिठ्ठीखेरीज माझ्याजवळ काही उरत नाही.

आपली माया आमच्या घरावर आहे. ती या दिवसांत विशेष असू द्यावी.

आपला आज्ञाधारक,
खुशाल

—

अमरावती, ता. १९ नोव्हेंबर

चि. खुशालले केशरबाईचे अ. उ. आ.

तुहं पत्र पोचलं. सख्ख्या बहिणीले आपण-आपण करून लिवतं, मले वाटलं शाळा तपासनीसाचा कागद आला. मी चवथी शिकलेली, मले जसं बोलता येते तसंच लिवतो.

काल भगवंता आला तवा तू डॉक्टरशी बोलत बसला होता, अन् तो माह्या चुलीपाशी बसला होता. झुणका भाकर दोनदा मागून घेतली. मी इचारलं, आवाज येतेत का रे अजून. म्हने येतेत आत्याबाई, पन आता शेजारच्या घरातले लोक बोलून राहिले असं वाटते, माह्याशी नाही बोलत. मग हासला. त्याचं हासनं मी दोन वर्सांनी पाह्यलं रे. पंधरा दिवस झाले, थेंबाले शिवला नाही म्हने, अन् मले ते पटलं.

तू मात्र त्याच्यावर असा नजर ठेवून राहिला जसा तो परीक्षेत कॉपी करनार हाय. पानी पेला तरी घड्याळ पाह्यतं. जरा सैल सोड.

पोरगा लई वाळला. गालाची हाडं दिसतेत. आशा असती तर असा राह्यला असता का? त्याच्या अंगाले लागंल असं काही ताकदीचं देत जा. तुले जमत नसंल तर आशाच्या कपाटात पाह्य, ती सारं भरून ठेवत होती.

इकडची काळजी करू नको. लोभ ठेव असं मी काही लिवत नाही, तो तुले ठेवाच लागते.

तुही बाई, केशर

—

अकोला, दि. २९ नोव्हेंबर १९६१

ती. सौ. बाईंस खुशालचा सा. न.

अक्षर नीट आले नाही, क्षमा असावी.

भगवंत पुन्हा पिऊ लागला आहे. रविवारी दुपारचे जेवण होऊन अर्धा तास झाला नसेल, तोच त्याचा चेहरा आणि मान जास्वंदीसारखी लाल झाली. छाती इतकी उडत होती की सदऱ्यावरून दिसत होती. त्याने ओकारी केली आणि अंगणात तुळशीपाशी कोसळला. डॉक्टरांनी सांगितलेले एकूण एक लक्षण. शेजारचे ओमप्रकाश कंपाउंडर धावून आले म्हणून निभावले. शुद्धीवर येताच त्याने आईची शपथ घेऊन सांगितले की आपण थेंबही घेतलेला नाही. मी त्याची पेटी, अंथरूण, न्हाणीघर, कडब्याची गंज, सर्व धुंडाळले. काही सापडले नाही. दारुड्याला लपवण्याची विद्या अवगत असते, असे मी त्याला तोंडावर सांगितले.

दोन दिवस तो केवळ पेजेवर होता आणि ठीक होता. आज दुपारी प्रथमच पोटभर जेवला, आणि पुन्हा तेच. मी क्षणभरही घराबाहेर गेलो नव्हतो. अन्न मी स्वहस्ते वाढले. आपण सुचविल्याप्रमाणे जेवणानंतर आशाच्या कपाटातील द्राक्षासवही तिच्याच चांदीच्या फुलपात्रातून भरून दिले. रविवारपासून सुरू केले आहे. इतके करूनही तो माझ्या डोळ्यांदेखत मला फसवतो, याचा अर्थ तो माझ्या ताब्यात राहिलेला नाही.

आज त्याने शपथही घेतली नाही. भिंतीकडे तोंड करून पडला आहे. बाई, त्याच्या शपथेपेक्षा त्याच्या गप्प बसण्याचे मला अधिक भय वाटते.

तिसऱ्या वेळी त्याचे हृदय बंद पडेल. त्यापेक्षा तो कुठे तरी जिवंत असलेला बरा. चिठ्ठी खणातून काढली आहे. शुक्रवारी सकाळच्या गाडीने त्याला इस्पितळात नेतो. डॉक्टरांना कृपा करून कळवावे की त्यांच्या उपायात दोष नव्हता, आमच्या घरात होता.

यापुढे या घराविषयी आपला जो काही लोभ उरेल, तेवढ्यावर मी समाधानी राहीन.

खुशाल

—

तार. अमरावतीहून अकोल्यास, ३० नोव्हेंबर.

इस्पितळात नेऊ नको. द्राक्षासव बंद कर. पोरगा खरं बोलला. केशर.

—

अमरावती, ता. ३० नोव्हेंबर

चि. खुशालले आशीर्वाद.

तार भेटली असंल. नसंल भेटली अन् हे पत्र आधी हाती पडलं तर इथंच थांब, अन् ते फुलपात्र हातातून खाली ठेव.

तुहं पत्र घेऊन मी तशीच डॉक्टरकडं गेली. पेशंट बसले होते, मी म्हनलं माह्या भाच्याचा जीव चालला, आधी हे ऐका. वाचत वाचत द्राक्षासवापाशी आली तं त्यानं हात वर केला अन् ते वाक्य पुन्हा वाचाले लावलं. मग मलेच इचारलं, आत्याबाई, द्राक्षं मडक्यात दोन महिने मुरवली तं काय होते? मी म्हनलं द्राक्षासव होते. तो म्हने, अन् त्यात दारूही होते. आसव म्हना, अरिष्ट म्हना, त्याच्यात थोडी राह्यतेच. तुमाले-मले काही होत नाही, पन पांढऱ्या गोळीवर चमचाभरही लई झाली, अन् हे तं भरलेलं फुलपात्र.

मग त्यानं इचारलं, वहीत काहून नाही लिवलं. मी म्हनलं, डॉक्टरसाहेब, द्राक्षासव आमच्या घरात औषधही नाही अन् दारू तं नाहीच नाही. बाळंतिणीले देतो, म्हाताऱ्याले देतो. मीठ लिवलं असतं का त्यानं?

ताकदीचं दे म्हनून मीच लिवलं होतं. त्यामुळं तू एकटा रडत बसू नको, अर्धा वाटा माहा हाय. पन त्याले खोटा तू ठरवलं. ते तुलेच निस्तरावं लागंल.

शनिवारी दोघंही या. माया तशीच हाय, फक्त तुह्यावर जरा रागावली हाय.

बाई

—

अकोला, दि. ३ डिसेंबर १९६१

ती. सौ. बाईंच्या चरणी साष्टांग नमस्कार.

काल आपल्या घरी सांगायचे राहिले ते आज लिहितो.

तार गुरुवारी दुपारी आली, तेव्हा मी त्याची पेटी भरत होतो. दोन सदरे, एक धाबळी आणि त्याच्या आईचा फोटो. भगवंत शांतपणे मला घड्या घालून देत होता. मी तार त्याला वाचून दाखविली. तो आनंदेल किंवा मला दोष देईल, अशी माझी समजूत होती. त्याने केवळ विचारले की हे नक्की आहे का. बुधवारपासून त्याचीही खात्री पटली होती की आपण भान नसताना पीत असलो पाहिजे. कारण आवाज तसे सांगत होते, आणि बाबाही तेच म्हणत होते.

बाई, पुढचे मी डॉक्टरांखेरीज कोणाला सांगितलेले नाही. भगवंत म्हणाला की भिंतीतील आवाजांत एक नवा आवाज आला आहे, आणि तो माझा आहे. माझ्याच शब्दांत, माझ्याच व्याकरणशुद्ध वाक्यांत तो त्याला दारुडा म्हणतो. डॉक्टर म्हणाले की पिवळी गोळी वाढवू, इतर आवाज लवकर दूर जातील. हा कदाचित सर्वांच्या मागून जाईल. तो घालविण्याचे औषध अर्धे त्यांच्याजवळ आहे आणि अर्धे माझ्याजवळ. तेव्हापासून मी तोंड उघडण्यापूर्वी घाबरतो.

द्राक्षासवाची बाटली मला ओतून टाकवेना. तिच्यावर आशाच्या अक्षरात तिथी लिहिलेली चिठ्ठी होती. भगवंताने बाटली पाण्यात ठेवली, चिठ्ठी सुटू दिली, ती माझ्या टेबलावर वाळत घातली आणि बाटली मोरीत रिकामी केली. वास घरभर पसरला. तो तोंड फिरवून उभा राहिला, पण दूर गेला नाही.

वही मी त्याच्या स्वाधीन केली आहे. आज सकाळी गोळ्या देताना पांढरी माझ्या हातून खाली पडली. त्याने ती उचलली, पुसली, परत माझ्या तळहातावर ठेवली आणि हात पुढे करून उभा राहिला. नंतर वहीत त्याने लिहिले: सकाळी आठ, दोन्ही गोळ्या, बाबांच्या हातून.

आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या. ही न तपासता मिटून ठेवली.

रागावलेली का होईना, आपली माया अशीच राहो.

आपला,
खुशाल