तळ्याचं बूड

मांडशेत, ता. कल्याण
१२ जानेवारी २०२५

चि. कृतिका हिला तुळसामावशीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन करत नाही, चिठ्ठी लिहिते. फोनवर मी तोंड उघडलं की तू मीटिंगमध्ये आहे असं बोलून ठेवून देतेस. चिठ्ठी ठेवून दिलीस तरी ती तुझ्याकडे बघत राहील. आमच्या दुधाचा टेम्पो रोज नौपाड्यात येतो, त्या रवींद्रच्या हाती पाठवते. चौथी शिकलेली बाई आहे मी, चुका काढत बसू नकोस.

तर तळं आटलं. अजून संक्रांत व्हायचीय आणि मध्ये नुसतं डबकं उरलंय. दोन वर्षांपूर्वी तुझ्या संस्थेने ते खोल केलं, कडेने दगडी पायऱ्या बांधल्या, कठडा लावला. देखणं झालं, खोटं नाही बोलत. आधी घाण होतं, पण मे महिन्यापर्यंत पाणी असायचं. तुमच्या कामानंतर पहिल्या वर्षी होळीला आटलं, यंदा संक्रांतीच्या आधी. फाटकावर तुमची पाटी आहे, तळ्यात जनावरांना मनाई. आता मनाई करायलाही पाणी नाही.

माझ्या चार म्हशींना दोन वर्षं बोअरच्या पाण्याने धुतेय. आता बोअर ओढत नाही आणि तळ्याखालच्या दोन्ही विहिरी तळाला गेल्या. म्हैस पाण्यात बसली नाही की दूध आटवते. कल्याणच्या तबेल्याचा आनंदा म्हशी बघून गेला, पाडव्यापर्यंत काय ते सांगा असं बोलला. तुझे काका नुसता गुडघा चोळतात. तळ्याचं काहीतरी कर, नाहीतर गोठा रिकामा होईल. आणि मला उपाय पाठव, रंगीत पत्रक नको.

लोभ आहे तोवर उत्तर दे,
तुळसामावशी


नौपाडा, ठाणे
१९ जानेवारी २०२५

ती. मावशीस कृतिकाचा शि. सा. न. वि. वि.

तुझी चिठ्ठी रवींद्रदादाने थेट ऑफिसात आणून दिली आणि मावशीने समोर उभं राहून वाचून घ्यायला सांगितलंय, असं सगळ्यांच्या देखत म्हणाला. उभा राहिलाही.

मी आमच्या इंजिनीअरना विचारलं. परतीचा पाऊस कमी झाला आणि उघड्या पाण्याचं बाष्पीभवन होतं, असं त्यांचं म्हणणं. ते मार्चमध्ये मोजमाप करायला येतील.

दुसरी गोष्ट आनंदाची आहे. गाव आणि संस्था यांनी मिळून केलेलं काम म्हणून मांडशेतचं तळं वारसा जतनाच्या एका पुरस्कारासाठी निवडीत आलंय. समिती २० फेब्रुवारीला बघायला येईल. संस्थेच्या प्रमुख मृणालताईंनी त्या दिवसासाठी सहा टँकर सांगितलेत, म्हणजे मधला भाग तरी भरलेला दिसेल. पुरस्कार मिळाला तर आणखी पाच गावांची तळी हाती घेता येतील. तोवर म्हशींचं घाईने काही ठरवू नकोस. काकांना गुडघ्यासाठी तेल पाठवतेय.

राग केलास तेवढाच लोभही करावास,
कृतिका


मांडशेत
२७ जानेवारी २०२५

चि. कृतिका हिला अनेक आशीर्वाद. वि. वि.

तेल पोचलं. तुझं बाष्पीभवन दोनदा वाचलं. ऊन काय फक्त मांडशेतवर पडतं का गं? शेजारच्या कासशेतच्या तळ्याला कोणी हात लावला नाही. पायरी नाही, कठडा नाही, आणि अर्ध्याच्या वर भरलेलं आहे. मी चालत जाऊन बघून आले. आत म्हशी बसलेल्या, नुसती शिंगं वर.

तिथले धोंडीबा म्हातारे, सगळा जन्म म्हशींमागे गेला त्यांचा. ते बोलले, तळं म्हणजे मडकं. त्याचं बूड चिकण मातीचं. म्हशी वर्षभर तुडवतात म्हणून ती माती घट्ट बसते, पाणी धरते. पाय थांबले की माती सुटते. आणि बोलले, तुम्ही तर म्हशीही काढल्या आणि बूडही काढलं.

बूड कोणी काढलं ते आता लिहिते, तुला माहीत नाही. गाळ उपसून झाल्यावर जेसीबीवाला थांबला होता. खाली पिवळी चिकण माती लागली, आता बस करू का, असं त्याने विचारलं. तुमचा इंजिनीअर त्या दिवशी आला नव्हता. काठावर मी होते. मी बोलले, खण. फुकटची माती, भाताला चांगली. मग सगळ्या गावाने नेली, माझ्या एकटीच्या अकरा ट्रॉल्या. मुरूम लागेपर्यंत खणलं. तेव्हा मला कोणी अडवलं असतं तर त्याचं काही खरं नव्हतं.

आता त्या मुरमात टँकर ओतून समितीला दाखवणार? मड्याला मुंडावळ्या बांधायचा प्रकार आहे हा. दुपारपर्यंत पाणी खाली जाईल आणि तुम्ही फोटो काढून जाल.

माझी चूक मी सांगितली. म्हशींना मनाई करायची अक्कल कोणाची, तेवढं मला कळव.

खरं लिहिलंस तर लोभ राहील,
तुळसामावशी


नौपाडा, ठाणे
३ फेब्रुवारी २०२५

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

ती अक्कल माझी.

ऑफिसात कोणी तसं मागितलं नव्हतं. गावाशी झालेल्या कराराचा मसुदा मी केला आणि ती ओळ माझ्या मनाने घातली. कारण म्हणून स्वच्छता असं लिहिलं. खरं कारण वेगळं आहे. लहानपणी सुट्टीत तुझ्याकडे राहून परत आले की शाळेत माझ्या बाकावर कोणी बसायचं नाही. हिला शेणाचा वास येतो म्हणायच्या मुली. म्हशीच्या पाठीवर बसून तळ्यात जाण्याइतकं मला दुसरं काही आवडायचं नाही, मावशी, आणि ते मी तिथे कधी कबूल केलं नाही. तळं सुंदर करायचं ठरलं तेव्हा सगळ्यात आधी मी तेच पुसून टाकलं.

गावाशी चर्चा करून नियम ठरवले, असंही मी लिहिलं होतं. चर्चा म्हणजे मी तुझ्या ओट्यावर चहा प्यायले आणि बचत गटाची अध्यक्ष म्हणून तू न वाचता सही केलीस, कारण कागद मी आणला होता.

धोंडीबांचं म्हणणं मी मृणालताईंना सांगितलं. समिती येऊन जाऊ दे, मग बघू, असं म्हणाल्या. टँकर रद्द करणं माझ्या हातात नाही. पण ते कुठल्या तारखेला यायचे हे मीच कळवते. मी १७ तारीख कळवलीय. समितीच्या तीन दिवस आधी. तळ्यात माती परत घातली तर ते पाणी तिच्यावर सोडून म्हशींकडून तुडवून घ्यायला तेवढे दिवस पुरतील का, ते धोंडीबांना विचार.

आता लोभ मागायला तोंड नाही, तरी मागते,
कृतिका


मांडशेत
१३ फेब्रुवारी २०२५

चि. कृतिका हिला अनेक आशीर्वाद. वि. वि.

लिहिताना रडलीस का? अक्षर फिसकटलंय. पुरे आता. शाळेतल्या त्या मुलींची नावं आठवत असतील तर पाठव, मी बघते एकेकीला.

तीन-चार दिवस पुरतील, पण माती हवी. देवळात सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं, नेलेली माती परत आणा. हसले सगळे. एक जण बोलला, ही बाई खाल्लेलं जेवण ओकायला सांगतेय. बरोबरच बोलला.

मग मी परत नाही बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या तुकड्यातला वाल उपटायला घेतला. त्या मातीवरच उभा होता तो, शेंगा भरत आलेल्या. तुझे काका बांधावर उभे राहून बघत होते. वाटलं आता अडवणार. गुडघा धरून खाली बसले आणि दुसऱ्या टोकाकडून उपटायला लागले. तीन दिवसांत नऊ ट्रॉल्या तळ्यात टाकल्या. दोन काही वेगळ्या निघाल्या नाहीत, शेतात मुरल्या.

चौथ्या दिवशी समोरच्या घरातला एक ट्रॉली घेऊन आला. ओतून गेला. मग त्याच्या भावाची. मग ओकायला सांगते बोलला होता त्याच्या चार. काल मोजल्या तेव्हा साठच्या वर होत्या. धोंडीबा कासशेतहून बावीस म्हशी आणतायत. आपल्या गावात माझ्या धरून नऊच राहिल्यात. एकेकाळी साठ होत्या.

तू ये. मातीत उतरायचं आहे, चांगले कपडे नको.

तुझ्यावर रागावायला सवड नाही म्हणून लोभ,
तुळसामावशी


मांडशेत
२२ फेब्रुवारी २०२५

चि. कृतिका हिला अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुला ऑफिसातून सोडलं नाही, म्हणून सगळं लिहिते.

टँकर आले. पाणी मातीवर सोडलं. म्हशींना त्या तुमच्या पायऱ्या उतरता येईनात, माणसाच्या मापाच्या त्या. मग एका बाजूचा कठडा पहारीने काढला आणि मातीचा उतार केला. तक्रार आली तर माझं नाव सांग. माझ्या म्हशी दोन वर्षांनी आत गेल्या. मोरी सगळ्यांत पुढे. पोटापर्यंत चिखल लागला तशी मान हलवून एकदा रेकली, मला बाकी काही दिसेना मग.

तीन दिवस गोल गोल फिरवल्या. बायका मागून पायांनी तुडवत होत्या. समिती आली तेव्हा काम चालूच होतं. मृणालताईंचा चेहरा चुन्यासारखा पांढरा. समितीत एक म्हातारे होते, धरणांवर नोकरी केलेले. हे काय चाललंय, असं त्यांनी विचारलं. ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं सगळं, माझ्या अकरा ट्रॉल्यांसकट. तुझं नाव नाही घेतलं. त्या म्हाताऱ्याने बूट काढले, पँट दुमडली, खाली उतरून टाचेने माती दाबून बघितली. अजून एक दिवस फिरवा, एवढं बोलला. पुरस्काराचं कोणी काही बोललं नाही. तुमच्या ताईंनी चहा घेतला नाही.

माझे पाय अजून पिवळे आहेत. तुला खूप ओरडायचं होतं, सगळं विसरले.

लोभ आहे,
तुळसामावशी


नौपाडा, ठाणे
९ मार्च २०२५

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

पुरस्कार दुसऱ्या गावाला गेला. टँकरची तारीख कोणी बदलली, असं मृणालताईंनी विचारलं. तू माझं नाव वाचवलंस, पण मी सांगून टाकलं. त्यांनी मला मांडशेतच्या कामावरून काढून कागदपत्रांच्या खोलीत बसवलंय. जुने नकाशे क्रमाने लावते, धूळ खाते. नोकरी आहे, काळजी करू नकोस. आईला यातलं काही सांगू नकोस.

एकच विचारायचं होतं. पाडवा तीन आठवड्यांवर आला. म्हशींचं काय ठरलं?

लोभ कमी न व्हावा,
कृतिका


मांडशेत
१ एप्रिल २०२५

चि. कृतिका हिला अनेक आशीर्वाद. वि. वि.

दोन गेल्या. बूड बसलं गं, पण पाऊस येईपर्यंत त्यात पाणी कुठून आणू? चारही जगवता येत नव्हत्या. मोरीला आणि तिच्या पाठच्या तरण्या म्हशीला आनंदा घेऊन गेला. मोरी टेम्पोत चढत नव्हती, खूप वेळ लागला. मी बाहेर गेले नाही. घासलेली भांडी परत घासत बसले.

तुला लागावं म्हणून लिहीत नाही. विचारलंस म्हणून लिहिते. तुझ्या एका ओळीने गेल्या आणि माझ्या एका शब्दानेही गेल्या. एक तुझी, एक माझी. वाटून घेऊ आणि गप्प बसू.

यंदा वालाचं बिरडं नाही. तरी ये. नकाशे कुठे पळून जात नाहीत.

तुळसामावशी


नौपाडा, ठाणे
२४ नोव्हेंबर २०२५

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

मृणालताईंनी मला कागदपत्रांच्या खोलीतून बोलावलं. मागच्या आठवड्यात त्या एकट्याच मांडशेतला जाऊन तळं बघून आल्या म्हणे. गावाशी नवा करार करायचा आहे, मसुदा तूच कर, म्हणाल्या. पुढची दोन गावं घेण्याआधी तिथल्या म्हशीवाल्यांकडे जाऊन बसायचं, हेही माझ्यावर सोपवलंय.

मसुदा सोबत आहे, चार पानं. न वाचता सही करू नकोस. मी आणलेला कागद असला तरी. पाणी कुठवर आहे?

लोभाची वाट बघणारी,
कृतिका


मांडशेत
२ डिसेंबर २०२५

चि. कृतिका हिला अनेक आशीर्वाद. वि. वि.

पाणी वरून तिसऱ्या पायरीला आहे. दिवाळीत दुसऱ्या पायरीला होतं. तेवढं उतरणारच, असं धोंडीबा बोलले. खालच्या दोन्ही विहिरींना पाणी आहे. माझ्या दोघी दुपारी आत जाऊन बसतात, संध्याकाळी हाका मारून घसा बसतो पण निघत नाहीत. समोरच्यांनी एक म्हैस आणली. तुमच्या ताई आलेल्या तेव्हा मी काठावरच होते. चपला हातात घेऊन उतारावरून खाली गेल्या, पाण्यात हात घातला, बराच वेळ उभ्या राहिल्या. या खेपेला चहा घेतला.

करार वाचला. चार पानांना दोन दिवस लागले. एकेका शब्दावर बोट ठेवून वाचला. सहभाग हा शब्द किती घालतेस गं, ताटात मीठ जास्त झालं की कसं लागतं तसं लागतं. तुझ्या काकांना मोठ्याने वाचून दाखवत होते, ते दुसऱ्या पानावर झोपले.

सही केली आहे. तिसऱ्या पानावरची एक ओळ खोडली आहे. तू लिहिलंस, म्हशींना तळ्यात उतरण्याची परवानगी राहील. परवानगी कोण कोणाला देतंय? तिथे मी माझ्या हाताने लिहिलंय, म्हशी रोज उतरतील. ते तसंच छाप.

लोभ मागू नकोस, येऊन घेऊन जा,
तुळसामावशी