खुर्ची सापडेपर्यंतचा उजेड

दि. ६ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

आजीचे पोटभर आशीर्वाद. मी बरी आहे, आणि मी बरी आहे म्हणून तुझे आजोबाही बरे आहेत.

मी तिसरीपर्यंत शिकलेली बाई, माझं अक्षर म्हणजे कोंबडी शाईत पाय बुडवून नाचल्यासारखं. समजून वाच. फोनच केला असता, पण फोन ह्यांच्या उशाशी असतो. एरवी दगडाचे असलेले ह्यांचे कान फोन आला की सशाचे होतात. आणि ही गोष्ट ह्यांना कळू द्यायची नाही.

झालं असं की मागच्या आठवड्यात हे पडले. घाबरू नकोस, हाड शाबूत आहे. कोपर सुजलं आणि तोंड फुगलं, त्यातलं कोपर उतरलंय. झोपायच्या खोलीतलं दिव्याचं बटण दाराशी, आणि पलंग पार खिडकीखाली. दिवा ह्यांनीच बंद करायचा आणि मग अंधारात चाचपडत पलंगाशी यायचं. मी म्हटलं मी बंद करते, तर म्हणाले, सगळा जन्म थेटरातले दिवे मी विझवले, आता घरातला तू विझवणार होय. बारीक दिवा चालू ठेवला तर ह्यांना झोप नाही. टॉर्च दिली तर ती कुठे ठेवली ते बघायला दुसरी टॉर्च लागते.

तुझा बाबा येऊन गेला. आणखी एकदा पडले तर ह्या दोन खोल्यांना कुलूप लावून दोघांना घेऊन जाणार म्हणाला. नुसता म्हणाला नाही, नवं कोरं कुलूप घेऊनच आला होता. ते खुंटीला अडकवून गेलाय. कणीक मळताना ते बरोबर माझ्या डोळ्यांसमोर येतं. तुझ्या घरी यायला वाईट काही नाही गं, तुझी आई लाख माणूस आहे. पण त्या सातव्या मजल्यावर ह्यांना ओळखतं कोण? इथे न्हाव्याच्या दुकानात गेले तर अजून बाकावरचा माणूस उठून जागा देतो, या ऑपरेटरसाहेब म्हणतो. थेटर पाडलं त्याला किती काळ लोटला, साहेबपण काही पाडता आलं नाही.

तू दिवसा दातांच्या डॉक्टरांकडे कामाला असतेस आणि संध्याकाळी त्या बारीक दिव्यांशी खेळतेस ना, त्यात म्हणाली होतीस की वीज साठवायचा डबा असतो, बटण बंद केलं तरी दिवा थोडा वेळ राहतो. तसलं काही जमेल का? म्हाताऱ्या माणसाला दारापासून पलंगापर्यंत पुरेल एवढंच हवं. जास्त नको.

माया आहे तशीच असू दे, वाढली तर ठेवायला जागा आहे.

तुझी आजी


दि. १३ फेब्रुवारी

ती. आजीस,

साष्टांग नमस्कार, वि. वि. तुझं पत्र दवाखान्यात वाचलं आणि कोंबडीपाशी इतकी हसले की डॉक्टरांनी पेशंटच्या तोंडातून हात काढून माझ्याकडे पाहिलं.

तुझ्या डब्याला कपॅसिटर म्हणतात. बॅटरी म्हणजे पाण्याची टाकी आणि कपॅसिटर म्हणजे तांब्या, चटकन भरतो आणि चटकन रिकामा होतो. तो एलईडीच्या शेजारी जोडला की बटण चालू असताना भरून घेतो आणि बंद केल्यावर दिव्याला थोडं थोडं पाजत राहतो. तांब्या केवढा घ्यायचा, एवढाच काय तो प्रश्न.

सोबत दोन पाठवतेय, एलईडीला जोडूनच. एक मी हाताने केलाय, चॉकलेटची चांदी आणि मेणकागद एकावर एक ठेवून गुंडाळला. त्याच्याकडून मला आशा नाही, पण माझा जीव जडलाय त्याच्यावर. दुसरा विकतचा आहे, शर्टाच्या बटणाएवढा, पण दिसतो तसा नाही. दोन्ही मोबाईलच्या चार्जरवर चालतात, शॉक बसणार नाही. भिंतीतल्या बटणाला मात्र तू हात लावू नकोस, कोपऱ्यावरच्या वायरमनला बोलाव.

बाबाशी बोलू का? तू सांगितल्याशिवाय बोलणार नाही. आजोबांना नमस्कार, चोरून.

तुझीच,
भिंगरी


दि. २७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

आशीर्वाद, आणि जरा बसून वाच.

तुझी चांदीची गुंडाळी आधी लावली. वायरमन म्हणाला, आजी, हिने डोळा मारला. खरंच तसंच, बटण बंद केलं की एकदा मिचकन आणि गेली. बाजूच्या शिंपिणीची थोरली सून मला पाहिली की असाच डोळा मारते, पण तिचं राहू दे, तिच्यावर वेगळं पत्र होईल.

मग ते बटणाएवढं लावलं. बाई गं, ते विझेचना. हे बटण बंद करून पलंगावर आले, अगदी सरळ आले, मी मनात म्हटलं, जिंकलो. पण दिवा जळतोच आहे. हे कुशीवर वळले, भिंतीकडे तोंड केलं, डोक्यावर उशी घेतली. माझा डोळा लागला. तेवढ्यात हे उठले, दिव्यावर आपली टोपी घातली, आणि टोपी घातल्यावर झाला ना अंधार. परत येताना स्टुलाला अडखळले आणि पडले ते माझ्यावर. गादीवर पडलेलं पडणं धरायचं नाही, असं आमचं दोघांचं ठरलंय. तूही धरू नकोस आणि बाबाला तर मुळीच सांगू नकोस.

पण मग विचारलंच ह्यांनी, हा न विझणारा दिवा कुणाचा. मला खोटं बोलता येतं, पण ह्यांच्याशी टिकत नाही. सगळं सांगितलं, तुझा डबा, माझं पत्र, सगळं. मला वाटलं आता अबोला. पण हे बोलायला लागले ते थांबेनात. म्हणाले, पोरीला सांग, दिवा विझवणं ही वेगळी विद्या आहे. खटकन गेला तर लोक एकमेकांच्या पायावर पाय देतात. रेंगाळला तर शिट्ट्या मारतात. थेटरात एक गोल चकती होती, ती हे हाताने फिरवायचे, आणि केबिनच्या भोकातून खाली बघायचे. उशिरा आलेला शेवटचा माणूस खुर्चीत बसला की मगच पुरता काळोख. एकदा एक पोटुशी बाई जिना चढून येत होती, तेव्हा मालक मागे उभा राहून ओरडत होता, तरी ह्यांनी चकती धरून ठेवली. इतकी वर्षं संसार केला, ही बाई मला नवीन होती.

आणि मग पलंगाखालची पेटी ओढली. तीच, जिला मला झाडूसुद्धा लावायची परवानगी नाही. थेटर पाडायच्या आधी आणलेला आवाजाचा अॅम्प्लिफायर आहे तिच्यात. हे म्हणाले, ह्याच्यात तांब्या नाही, हंडे आहेत. वायरमनकडून चार काढून घेतले, औषधाच्या बाटलीएवढे आहेत. सोबत पाठवतेय. ह्यांनी निरोप दिलाय की त्या हंड्यांच्या दोन्ही तारांच्या पायांना एकदम हात लावू नकोस, पोटात काय ठेवून असतील सांगता येत नाही. ते मी माणसांबद्दलही म्हणते.

बाबा चौदा तारखेला येतोय. हे पत्र मिळालं की लगेच हाताला लाग.

तुझ्यावर जीव आहे, तो जपून वापर.

तुझी आजी


दि. ९ मार्च

ती. आजीस आणि ती. आजोबांस,

साष्टांग नमस्कार, वि. वि. चारातला एक आतून सुकलाय, पण तिघे ठणठणीत आहेत. भरून बघितले, तर लगेच दिवा लागला. त्यांनी शेवटचं काम केलं तेव्हा मी जन्मले नव्हते.

आजोबा, तुमची विद्या ध्यानात ठेवून माझ्या खोलीत मी दारापासून खाटेपर्यंत म्हाताऱ्यासारखं चालून बघितलं. आधी दिवा सुरुवातीलाच निम्मा उतरायचा आणि मग नुसता लालसर रेंगाळायचा. म्हणजे शिट्ट्याच. आता वीज मोजून सोडणारा एक बारकासा जास्तीचा तुकडा घातलाय. दिवा जरा वेळ तसाच राहतो, मग कुणी चकती फिरवल्यासारखा खाली येतो आणि पूर्ण जातो. चकती फिरवणारा हात माझा नाही, हे दिसेल तुम्हाला. काही चुकलं असलं तर कान धरा, पण खरं सांगा.

बाबा चौदाला पोचायच्या आत पार्सल पोचेल असं पाहिलंय. माझा जीव तिथेच आहे.

तुमचीच,
भिंगरी


दि. १७ मार्च

चि. भिंगरीस,

आशीर्वाद, आशीर्वाद, आणि अजून एक पाकिटात मावेना म्हणून राहिला.

पार्सल बाबाच्या आदल्या दिवशी आलं. वायरमन आपला चहा विसरून जोडत बसला. ह्यांनी मात्र लावून बघू दिलं नाही. पहिला खेळ प्रेक्षक आल्यावरच, म्हणाले. मी मनात म्हटलं, हाही टोपीखाली जायच्या लायकीचा निघाला तर कुलूप आहेच खुंटीवर.

बाबा आला. जेवताना त्याने दोनदा सामानाच्या गाडीचा विषय काढला. हे घास चावत राहिले. झोपायच्या वेळी त्याची गादी आमच्याच खोलीत, पलंगाशेजारी घातली. मी ह्यांच्याकडे बघते, तर हे आधीच पलंगावर जाऊन बसलेले आणि लेकाला सांगतात, आज दिवा तू बंद कर.

त्याने केला आणि खिशात मोबाईल चाचपायला लागला, उजेडासाठी. मग त्याच्या लक्षात आलं की खोलीत उजेड आहेच. इकडे तिकडे बघत, स्टूल चुकवून, तो गादीपर्यंत आला. बसला. आणि तो बसला तसा उजेड हळूहळू खाली यायला लागला. ह्यांचा हात बघितला मी, मांडीवर बोटं फिरत होती, चकती धरल्यासारखी. मग पुरता काळोख झाला.

खालून तुझा बाबा, अगदी लहानपणी केबिनमध्ये ह्यांच्या मांडीवर बसायचा त्या आवाजात, विचारतो, आप्पा, हे तुम्ही केलंत? हे म्हणाले, भिंगरीने केलं, मी नुसतं भोकातून बघत होतो. तुला खुर्ची सापडली ना? मग झालं.

सकाळी चहा झाल्यावर तो खुंटीशी उभा राहिला. कुलूप काढलं, हातात तोललं आणि विचारलं, आई, ह्याचं काय करू? मी म्हटलं, पलंगाखालच्या पेटीला लाव, तिची कडी ढिली झालीय. त्याने स्वतः लावलं आणि किल्ली ह्यांच्या हातात दिली. तो सुकलेला चौथा परत पाठव, पेटीत त्याची जागा रिकामी आहे. कामाचा नसला तरी घरचा आहे.

आता रोज हे बटण बंद करतात, सावकाश येतात, बसतात आणि दिवा पुरता जाईपर्यंत बघत राहतात. परवा मी विचारलं, अहो, काळोख झाला, आज पिक्चर कुठला? तर म्हणाले, तू बोलायला लाग, मी ऐकतोय.

म्हणून मी बोलते. शिंपिणीच्या सुनेपासून सुरू केलंय.

आठवण काढत जा, आम्ही काढतोच.

तुझी आजी