मालक कोण?

मिरकाब, कुवेत, गुरुवार, १२ मे १९८३

परदेशी माणसांना इथं धंद्यात बरोबरीची संधी मिळते का, यावर संशोधन करणारी विद्यापीठातली बाई आज आमच्या चष्म्याच्या दुकानात आली. “मालक कोण?” तिनं विचारलं. बारा वर्षं दुकान मीच माझ्या पैशानं चालवतोय, पण कायद्यापायी परवाना कफीलच्या, म्हणजे मला जामीन असलेल्या कुवेती माणसाच्या, नावावर. तपासनीस आले की करतो तसंच, सवयीनं मी भिंतीवरच्या परवान्याकडे बोट दाखवलं. तिनं माझ्या नावापुढे ‘नोकर’ लिहिलं. “माझा अभ्यास मालकांवर आहे,” म्हणून उठलीच. तिला कसलं भ्यायचं? का नाही बोललो? सारखं ते बोटच डोळ्यांपुढे येतंय. बायको शेजारीच काचा पुसत होती. गिऱ्हाइकांसमोर ती मला हौसेनं ‘मालक’ म्हणते. आज दुकान बंद करताना नुसतं म्हणाली, “अहो, चला.”