पांढऱ्या अक्षरांच्या कडेला

७ फेब्रुवारी

साडूच्या घरी जाऊन आलो. माणसाने घरात थिएटर करावं, पण स्वतः लाउडस्पीकर होऊ नये! सिनेमा दोन तास, साडू तीन तास. ‘डीएलपी प्रोजेक्टर आहे, आत नखाएवढी चिप, चिपवर लाखो आरसे’ — जसा काही एकेक आरसा ह्यानेच पुसून बसवलाय. उथळ पाण्याला खळखळाट फार.

चित्र चांगलं होतं. हे त्याला सांगितलं नाही.

मध्येच ही म्हणाली, पडद्यावर खाली पांढरी अक्षरं येतात ना, त्यांच्या कडेला लाल-हिरवं काहीतरी चमकतं. साडू म्हणाला, चहात काय घालून घेतलं होतंस? सगळे हसले. मी जरा जास्तच हसलो. काय करणार — बायको आपली, लाज आपल्यालाच. पोरगी बशीतल्या बिस्किटाचे तुकडे करत बसली होती. बारा वर्षांची झाली तरी चारचौघांत तोंड उघडत नाही.

आपली मागची खोली रिकामीच आहे. आपणही करायचं.

११ फेब्रुवारी

दुकान. विक्रेता — गळ्यात पट्टा, तोंडात पाठांतर. मी प्रश्न विचारला की गाडी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू!

त्याच्या बडबडीतून निघालं ते एवढंच. एलसीडीत तीन काचा, एकेका रंगाची एकेक, तिन्ही रंग पडद्यावर एकदम पडतात. पण काळा रंग म्हणजे चुलीतली राख. डीएलपीत चिप एकच, पुढे रंगीत चाक गरगर फिरतं. लाल, हिरवा, निळा एकामागून एक येतात, इतक्या भरभर की डोळा तिन्ही मिळून एकच चित्र बघतो. काळा बरा, रेघ धारदार. तिसरा एलकॉस. काळा खरोखर काळा — पण पेटी ट्रंकेएवढी आणि किंमत ऐकून मीच काळा पडलो.

‘पूर्वी डीएलपीत काहींना रंग सुटे दिसायचे,’ असंही तो म्हणाला. आता चाक जोरात फिरतं, कोणालाच दिसत नाहीत. मी हिच्याकडे बघितलं. ही दाराकडे बघत होती.

१५ फेब्रुवारी

पुन्हा दुकान. आज मी तयारीने गेलो. काळ्या-पांढऱ्या चौकटींचा तक्ता पेनड्राइव्हवर नेला, तिन्ही यंत्रांवर लावायला लावला, प्रत्येकासमोर दहा-दहा मिनिटं बसलो. विक्रेता घड्याळ बघत होता. बघू दे.

बावीस वर्षं बाटल्यांच्या कारखान्यात तपासणीला आहे. पट्ट्यावरून बाटल्या सरकतात, मागे पांढरा दिवा. नजर एका जागी रोवायची आणि बाटली नजरेसमोरून जाऊ द्यायची. नजर बाटलीमागे धावली की डोळा दमतो आणि काचेतला खडा सुटतो. माझ्या नजरेतून खडा सुटत नाही. तसाच बसलो. डीएलपी — एक डाग नाही, एक रंग फुटलेला नाही.

ही म्हणते, ‘जरा डोळे हलवून बघा ना.’ बावीस वर्षं डोळ्यांवर घर चालवणाऱ्या माणसाला डोळे कसे वापरायचे ते ही शिकवणार! मला एलसीडी चालेल, म्हणाली, काळा राखाडी असला तरी. हिला चालेल. साडूला हसायला आयतं निमंत्रण.

२० फेब्रुवारी

डीएलपी आणला. साडूच्याहून एक नंबर वरचा.

२२ फेब्रुवारी

पहिला सिनेमा. खिडकीला काळा पडदा, भिंतीला गडद रंग, खुर्च्या ओळीत. ही वीस मिनिटांत उठली. कपडे वाळत घालायचे आहेत म्हणे. संध्याकाळी सात वाजता! नाटकं आहेत सगळी. स्वतःचं खरं झालं नाही की बाईमाणूस कामाला लागतं.

पोरगी शेवटपर्यंत बसली. निदान एकीला तरी बापाची किंमत आहे.

१ मार्च

पोरीचं डोकं दुखतंय. आठवड्यात तिसऱ्यांदा. मोबाईल, दुसरं काय? काढून घेतला. रडली नाही, भांडली नाही, हातात आणून दिला. हल्लीच्या पोरांना वस्तूंचं काही वाटतच नाही.

६ मार्च

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेली. नंबर नाही, डोळे स्वच्छ. मग डोकं कशाने दुखतं? ‘दुखू शकतं,’ म्हणाले. एवढं सांगायला दीड तास बाकावर बसवलं! ह्यांना माझ्या पट्ट्यावर एक दिवस उभं करायला हवं.

८ मार्च

साडू येऊन बघून गेला. पडदा लहान वाटतो, म्हणाला. जळला नुसता! खरं म्हणजे आज सगळे मिळून बसायचे होते. ही स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. पोरीला हाक मारली तर गृहपाठ. पाच खुर्च्या, त्यातल्या दोनवर आम्ही दोघे साडू, एकमेकांचं तोंड बघायला नको म्हणून पडद्याकडे बघत.

ज्यांच्यासाठी केलं त्यांनाच नको. गाढवाला गुळाची चव काय!

१२ मार्च

प्रोजेक्टर टांगलेली छताची पट्टी एका बाजूला कलली होती, म्हणून बसवणारा कारागीर बोलावला. काम करता करता विचारतो, घरात कोणाला रंग दिसतात का? डोकं वगैरे दुखतं का? मी म्हटलं, बायकोच्या मनाचे खेळ आहेत, आपण पट्टीचं बघा.

तो शिडीवरून उतरला. पडदा नुसता पांढरा केला. कानामागची पेन्सिल काढून पडद्यासमोर जोरात हलवली.

पेन्सिल एक राहिली नाही. कडांना लाल, हिरवं, निळं सुटं झालं. मी स्वतः हलवून बघितली. दहा वेळा. तेच.

‘पेन्सिल हलली काय नि डोळा हलला काय, एकच,’ तो म्हणाला. ‘काहींचा डोळा पकडतो. त्यांचं डोकं धरतं.’

तो गेल्यावर खुर्चीत बसून डोळे या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरवले. मला काही दिसेना. डोळा निघतो आणि मध्येच कुठेतरी रुतून बसतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, मी डोळे दाखवून केलं.

हिला सांगितलं. इस्त्री करत होती. ‘बरं,’ म्हणाली. बाही उलटी करून पुन्हा इस्त्री फिरवायला लागली. दोन शब्द ऐकवले असते तर बरं वाटलं असतं.

१३ मार्च

पोरीला म्हटलं, आईला खरंच रंग दिसत होते बरं का.

‘मला पण दिसतात,’ ती म्हणाली. ‘काकांच्या घरी पण दिसले होते.’

डोकं त्यानेच दुखायचं? हो. मग तीन आठवडे समोर बसलीस कशाला? तर म्हणे, आई उठून गेली तेव्हा तुम्ही किती बोललात. आणि मोबाईल घेतला तेव्हा? तेव्हा तरी सांगायचं! माझा आवाज चढला असावा.

‘आईने सांगितलं तेव्हा तुम्ही हसलात ना,’ ती म्हणाली. रागाने नाही. कारागिराने पेन्सिल दाखवली तसं, सरळ.

दुकानात फोन केला. बदलून एलसीडी देतील. राखाडी तर राखाडी. साडू हसेल. हसू दे मेल्याला.

१४ मार्च

पोरीला विचारलं, अजून काय काय सांगितलं नाहीस मला?

तिने हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, ‘आधी हसणार नाही म्हणा.’

म्हटलं, नाही हसणार.

ती उठली आणि आईकडे जाऊन बसली. एकदा हसलेल्या माणसाच्या शब्दावर कोण विसंबणार!