पूजेआधीची गोळी

नांदेड, सोमवार

अप्पा, शिवानीचा शरणार्थ.

मी धडधाकट आहे, डबाही बरा आहे. नर्स झाले आणि भाषणं सुटली म्हणून तुम्ही हळहळता ना? परवा वॉर्डातच एक ठोकलं.

आमच्याकडचे रुग्ण अखेरच्या दिवसांतले. उमाबाईंचा कॅन्सर हाडांत उतरलाय. लिंगपूजेआधी त्या पाण्याचा थेंब घेत नाहीत. मग मॉर्फिनची सकाळची गोळी राहते आणि दुखण्यापायी पूजेलाच बसवत नाही. डॉक्टर म्हणाले, "आजी हट्टी आहेत." मी तडकले, "सर, वेदना त्यांची, देव त्यांचा. हट्ट आपल्या गोळीचा आहे. औषध बदला!"

मग सरांनी कातडीवर चिकटवायची, तीन दिवस पुरणारी पट्टी लिहून दिली.

आज उमाबाई गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन अर्धा तास ताठ बसल्या. मला म्हणाल्या, "लई बोलतीस पोरी, पर कामाचं बोलतीस."

तुमची कंबर धरते, हे आईकडून कळलं. तुम्ही का लपवलंत? अहमदपूरला जाऊन एक्स-रे काढा. आणि रुग्णांना विचारते तेच तुम्हाला विचारते: दहापैकी किती दुखतं? खरा आकडा लिहा.

तुमचीच,
शिवानी