तीन फर्मे

कराड, ४ ऑक्टो. १९४८
माझ्या हातचे: ऊस गाळायचे चरक, पाण्याचे पंप, ज्यावर ते झाले तो लेथ, हे टेबल. कागदावर आकृती एकाचीही नाही. पाहायचं आणि करायचं. कारखान्याच्या पाटीवर 'आणि चिरंजीव' मीच रंगवलं. चिरंजीव वसंता सांगलीच्या इंजिनियरिंग कॉलेजात. परत येईल का इथे, की—

९ ऑक्टो.
व. सुटीला आलाय. "दादा, शाफ्ट नि त्याभोवतीचं बुश यांत जागा किती ठेवता?" म्हटलं, केस शिरेल एवढी. "कुणाचा केस?" चेष्टा नव्हती, वहीत लिहायचं होतं त्याला. तिथे आधी पेन्सिल, मग कानस. अजून पोरांचे हात काळे झालेले नाहीत.

२० ऑक्टो.
व.ने सांगलीहून कागद पाठवला. त्याच्या मास्तरांना ओतकामासाठी लाकडी फर्मा हवाय, दादांनीच करावा म्हणे. आले ना शेवटी माझ्या दाराशी! कागदावर तीन आकृत्या. लांबी-रुंदी चोख, पण तिन्हींची जाडी लिहायला विसरलेत. असे हे शिकलेले. मी पाऊण इंच धरली.

२८ ऑक्टो.
तिन्ही झाले. जुनं सागवान, तसूभर फरक नाही. ही म्हणाली, "वसंताला एकदा विचारायचं होतं." मी पोराला विचारू?

सांगली, ३ नोव्हें.
वर्गात टेबलावर तिन्ही मांडले. मागून एक जण हसला, मग सगळेच. इस्लामपूरकडचा एक शेतकऱ्याचा पोरगा पुढे आला. "आवं मामा, तीन न्हाईत, एकच हाय. वरनं, म्होरनं आन् बाजूनं दावलाय." जाडी शेजारच्या आकृतीत होती. सगळ्यांना दिसत होती.
व. दुसऱ्या रांगेत. हसला नाही, मान खाली. हसला असता तर बरं झालं असतं.

कराड, ६ नोव्हें.
एक चरक उघडून पडलाय. हात लावावासा वाटत नाही.
तंबाखूची डबी वरून काढून पाहिली. गोल आला. पुढून काढताना पेन्सिल अडली. मला नुसती पुढची बाजू दिसतच नाही. डबी सगळी एकदम दिसते. हे कुणाला सांगायचं?

१५ नोव्हें.
व.चं कार्ड. नाताळची सुटी तिथेच काढणार. खाली एक ओळ: 'मास्तर म्हणतात, जागा अजून रिकामी आहे.'
हिला सांगितलेलं नाही. त्या दिवशी मास्तर स्टेशनपर्यंत चालत आले होते, कॉलेजात नोकरी देऊ केली. दुपारी पोरांना कानस, रंधा शिकवायचा. सकाळी ड्रॉइंगच्या वर्गात बसायचं, व.च्या बाकावर.
नाही म्हणालो होतो. दरमहा नव्वद रुपये.