गॅसच्या पाइपला बांधलेली तार

मंगळवार, संध्याकाळ

जुळे सोलापुरात एका घरी गॅसची शेगडी जोडायला गेलो होतो. नळाचे पाइप प्लास्टिकचे झाल्यावर त्या घरच्या वायरमनने वॉशिंग मशीनच्या अर्थिंगची, आधी लोखंडी नळाला बांधलेली तार सरळ गॅसच्या पाइपला बांधली आहे. पाइपला टेस्टर लावला तर त्याचा दिवा लागला. घरमालकांना म्हणालो, मशीनचा करंट पाइपात उतरतोय, मेन बंद करा. एखादी ठिणगी पडली तर घर जाईल.

मालक हसले. “दहावी नापास, आन् मला शिकवतोस व्हय?” मग धुणे धुणाऱ्या यल्लव्वाला हाक मारली. “धर गं तो पाइप.”

तिचे हात ओले होते. मी नको म्हणालो, पण हळू. तिने पाइप धरला आणि लगेच हात झटकला. “रोजच मुंग्या येत्यात की, मालक. सवय हाय.”

“बघ. तिला सवय हाय, आन् तू भितोस.” मालकीणबाईही हसल्या.

हात ओले होते. मी मोठ्याने का नाही ओरडलो? मेनचे बटण तर माझ्याच पाठीमागे होते. साधे मागे वळायचे होते.

दारात मालक म्हणाले, “तू परत येऊ नगंस.” मशीन चालूच होते.

फाटकापर्यंत यल्लव्वा मागे आली. हळूच म्हणाली, “दादा, उद्या येऊन नीट करशील न्हवं?”

मी हो म्हणालो.